पोकरमध्ये शिस्त जिंकते, पण वही काय सांगते?

बेळगाव : ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. २० ऑगस्टला लोकसभेत मंजुरी, २१ ला राज्यसभेत आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत काम झालं. मोठ्या देशी कंपन्यांनी लगोलग पैशांचे टेबल बंद केले. कागदावर विषय संपला.

कट्ट्यावर मात्र तो संपलेला नाही. रमी आणि फँटसी क्रिकेटवाले बहुतेक गप्प झाले, पण पोकर खेळणारा एक वर्ग अजून ठामपणे बोलतो. ही मुलं शिकलेली आहेत. कोणी इंजिनिअर, कोणी बीकॉम, कोणी बेंगळुरू-पुण्याला नोकरी करून आलेला. त्यांचं म्हणणं एकच : "मटका वेगळा, अंदर-बाहर वेगळं. आम्ही सिस्टीमने खेळतो. शिस्तीने खेळलं की पोकरमध्ये पैसा मिळतोच."

हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात तथ्य आहे. मटक्यात शिस्तीला काही अर्थ नसतो, पोकरमध्ये असतो. म्हणूनच तो उपदेशाने खोडण्यापेक्षा जमाखर्चाच्या वहीत मांडून बघायला हवा.

सिस्टीम म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डम. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पानं उघडतात आणि सातांतून उत्तम पाच पानांचा हात धरायचा. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पानं टाकून द्यायची.

५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यात एक्क्यांच्या जोड्या फक्त सहा. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा हातात दोन एक्के येणार. बाकी बहुतेक वेळा हातात कचराच येतो. शिस्तीचा पहिला नियम इथूनच निघतो : कचरा टाकून द्यायचा. सहा जणांच्या टेबलावर जपून खेळणारा माणूस १०० पैकी ७५-८० डाव पहिल्याच फेरीत सोडतो. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळणाऱ्याला हे जमत नाही. तो बसलेलाच असतो पान बघायला.

दुसरा नियम जागेचा. जो शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांनी काय केलं ते आधी दिसतं. म्हणून शेवटच्या जागेवर थोडी हलकी पानंही चालतात, पहिल्या जागेवर चालत नाहीत.

तिसरा नियम भावाचा. समजा तुमच्याकडे बदामाची चार पानं जमली आहेत आणि एकच पान उघडायचं बाकी आहे. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण पाचात एकदा काम होणार. टेबलावर ८०० रुपये आहेत आणि समोरच्याने २०० लावले. तुम्ही २०० घातले की एकूण १,२०० होतात. सहावा हिस्सा घालून पाचात एकदा जिंकण्याची संधी मिळते, म्हणजे सौदा फायद्याचा. पण समोरच्याने ८०० लावले तर तुम्हाला २,४०० च्या ढिगासाठी ८०० घालावे लागतात, म्हणजे तिसरा हिस्सा. पाचात एकदा मिळणाऱ्या गोष्टीसाठी तिसरा हिस्सा घालणं तोट्याचं. पानं टाकायची. पोटात कितीही वाटलं तरी टाकायची.

चौथा नियम भांडवलाचा. खेळासाठी वेगळी काढलेली रक्कम आणि घरखर्च कधी मिसळायचा नाही. एका टेबलावर १,००० रुपये घेऊन बसायचं असेल तर मागे ३०-४० हजार हवेत, कारण चांगला खेळाडूही सलग हरतो. रोज पिग्मी भरणाऱ्या आपल्याकडच्या दुकानदाराला ही शिस्त वेगळी शिकवायला नको.

पाचवा नियम डोक्याचा. हरल्यावर माणूस चिडतो आणि गेलेलं एका डावात परत मिळवायला बघतो. पोकरमध्ये याला टिल्ट म्हणतात. शिस्तीचा खेळाडू आधीच ठरवलेल्या मर्यादेला उठतो, प्रत्येक बैठकीची नोंद ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चुका तपासतो.

हे पाचही नियम खरे आहेत. जगभरचे व्यावसायिक खेळाडू याच पायावर खेळतात.

कौशल्य आहे, पण दिसायला वेळ लागतो

संशोधनही याच बाजूने आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ऑनलाइन पोकरच्या एका वर्षाच्या नोंदी तपासल्या. खेळाडूंच्या ४५ कोटींहून जास्त डावनोंदी त्यात होत्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की साधारण दीड हजार डावांच्या पुढे निकालात कौशल्याचा वाटा नशिबापेक्षा मोठा ठरतो. अमेरिकेत स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरचा अभ्यास केला. आधीपासून कसलेले म्हणून ओळखले जाणारे खेळाडू सरासरी ३० टक्क्यांहून जास्त फायद्यात होते, बाकीचे १५ टक्के तोट्यात.

आमचे 'सिस्टीम'वाले हे आकडे आवर्जून सांगतात. पण ते नीट वाचले पाहिजेत. उत्तम आणि फार वाईट खेळाडू यांतला फरक लवकर दिसतो. चांगला आणि बरा यांतला फरक दिसायला फार म्हणजे फार वेळ लागतो. आणि आपण 'चांगले' आहोत की फक्त 'बरे', हेच तर प्रत्येकाला जाणून घ्यायचं असतं.

वही उघडू

एक उदाहरण धरू. टेबल ५-१० रुपयांचं. म्हणजे प्रत्येक डावात सक्तीने लावायची मोठी रक्कम, मोठा ब्लाइंड, १० रुपये. खेळाडू चांगला आहे आणि कंपनीची कपात जाऊन १०० डावांमागे ५ ब्लाइंड, म्हणजे ५० रुपये कमावतो. छोट्या टेबलांवर ही कामगिरी चांगलीच म्हणायची.

एका टेबलावर तासाला ८० डाव धरले तर १०,००० डावांना १२५ तास लागतात. कमाई ५,००० रुपये. तासाला ४० रुपये.

आता चढउतार. सहा जणांच्या टेबलावर १०० डावांमागे ९० ब्लाइंडची चढउतार ही नेहमीची. ती धरून गणित केलं तर हा चांगला खेळाडू १०,००० डावांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता दहात जवळपास तीन निघते. म्हणजे कुठेही चूक न करता सव्वाशे तास बसलेल्या दहा जणांपैकी तिघांच्या वहीत शेवटी वजाबाकीच असणार. ती बघून त्यांनी काय समजायचं? सिस्टीम चुकली की नशीब? वही त्याचं उत्तर देत नाही. अजून दहा हजार डाव खेळा, एवढंच म्हणते.

आता कंपनीची बाजू. प्रत्येक डावातून कंपनी आपला वाटा कापते, त्याला रेक म्हणतात. ५ टक्के धरू. सरासरी १५० रुपयांचा डाव आणि तासाला कपात होणारे ५० डाव धरले तर तासाला ३७५ रुपये टेबलावरून उठतात. सहा जण प्रत्येकी १,००० घेऊन बसले आहेत, एकूण ६,०००. सोळा तासांत टेबलावरच्या सगळ्या पैशांएवढी रक्कम कंपनीकडे गेलेली असते. कोणी शिस्तीने खेळो, कोणी आंधळेपणाने.

यातून एक साधी गोष्ट निघते. पोकरच्या टेबलावर पैसा तयार होत नाही. दुकानदाराच्या नफ्यामागे माल असतो, शेतकऱ्याच्या मागे ऊस असतो. इथे एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा आणि वर कंपनीची कपात. शिस्तीच्या खेळाडूला नफा मिळतो तो बेशिस्त खेळाडू टेबलावर असतो म्हणून. सहाही जण सारख्याच शिस्तीने खेळले तर सहाही जण हळूहळू रेकमध्ये जातील. म्हणून 'सगळ्यांनी सिस्टीम शिका, सगळे जिंकाल' हे वाक्य गणितातच बसत नाही.

वर सरकारचा वाटा. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस लागू झाला. आपल्या उदाहरणातल्या ५,००० मधले १,५०० गेले, राहिले ३,५००. तासाला २८ रुपये. गेल्या वर्षीचा तोटा या वर्षीच्या जिंकण्यातून वजा करता येत नाही, आणि पगार किंवा धंद्याच्या उत्पन्नातूनही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. म्हणजे १,००० भरले की त्यातले सुमारे २१९ कराचे. कंपन्या तो बोनस देऊन भरून काढत होत्या, म्हणून खेळणाऱ्याला तो फारसा जाणवला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ४० टक्के झाला.

कोणी म्हणेल, एकाच वेळी चार टेबल लावू, मोठ्या रकमेवर जाऊ. जाता येतं. पण चार टेबलांवर लक्ष विभागतं आणि मोठ्या टेबलावर समोरचाही शिस्तीचाच असतो. शिवाय तो माणूसच असेल याची खात्री नाही. २०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या संगणक प्रणालीने २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार नामवंत व्यावसायिकांना हरवलं. तो सामना दोघांच्या खेळाचा होता. २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावरही तेच केलं. शिस्त हाच तुमचा माल असेल, तर यंत्राइतकी शिस्त कोणाकडेच नाही.

ज्याने सिस्टीम सिद्ध केली, त्याची गोष्ट

शिस्तीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ख्रिस फर्ग्युसन. संगणकशास्त्रातला डॉक्टरेट आणि २००० सालचा पोकरचा विश्वविजेता. २००६ मध्ये त्याने शून्य रुपयापासून, खरं तर शून्य डॉलरपासून सुरुवात करून १० हजार डॉलर करून दाखवायचं ठरवलं. फुकट प्रवेशाच्या स्पर्धांपासून सुरुवात. मग कडक नियम : एका टेबलावर भांडवलाच्या ५ टक्क्यांहून जास्त रक्कम न्यायची नाही, मोठ्या स्पर्धेत त्याहूनही कमी लावायची, आणि टेबलावरची रक्कम भांडवलाच्या १० टक्क्यांवर गेली की उठायचं. वर्षाहून जास्त वेळ लागला, पण त्याने ते केलं. जगातल्या एका उत्तम खेळाडूला, पूर्ण शिस्तीने, १० हजार डॉलरला एवढा वेळ लागला हेही लक्षात ठेवावं.

हे सगळं तो ज्या फुल टिल्ट पोकर साइटवर खेळला, तिच्या संस्थापकांमध्ये तो स्वतः होता. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारने मोठ्या पोकर साइट्सवर कारवाई केली. त्यानंतर सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलं की ३१ मार्च २०११ ला फुल टिल्टकडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते फक्त ६ कोटी. खेळाडूंचे पैसे मालकांना वाटले गेल्याचा आरोप झाला. त्यात फर्ग्युसनचंही नाव होतं. २०१३ मध्ये त्याने चूक मान्य न करता तडजोड केली. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं.

खेळाडूने आपलं भांडवल पाच-पाच टक्क्यांत मोजून ठेवलं होतं. ते ज्या तिजोरीत ठेवलं होतं तिला शिस्त नव्हती. वहीत शिल्लक दिसते, हातात येत नाही. त्याआधी २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर तर आतल्याच माणसाला सगळ्यांची पानं दिसत असल्याचं उघड झालं होतं. ज्याची पानं समोरच्याला दिसतात त्याने नियम पाळून काय होणार?

आता धोका नेमका इथे आहे

नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे मिळवायचे असतील, तर खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, ऑनलाइन चालणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत दंड. व्यवहार करून देणाऱ्या बँका-पेमेंट कंपन्यांवरही कारवाई. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला.

कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यातली एक याचिका आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयातच होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या स्वतःकडे घेतल्या. कायद्याच्या बाजूने आणि विरोधात दोन्हीकडे वजनदार मुद्दे आहेत. पण ज्याला आज रात्री खेळायचंय त्याच्यासमोर प्रश्न वेगळा आहे. देशी टेबल बंद झाल्यावर त्याला टेलिग्रामवर परदेशी ॲपची लिंक मिळते. पैसे भरायला कोणा अनोळखी माणसाचं यूपीआय खातं दिलं जातं, आणि ते दर दोन दिवसांनी बदलतं. हे दुसऱ्याच्या नावावरचं, भाड्याने घेतलेलं खातं असू शकतं. सायबर तक्रारीत ते अडकलं तर त्याच्याशी व्यवहार केलेलं तुमचं खातंही गोठू शकतं. मग पगार अडकतो, हप्ता चुकतो आणि बँकेला 'मी फक्त पोकर खेळलो' असं सांगायची पाळी येते.

तिथे जिंकलेले पैसे दिले नाहीत तर तक्रार कुठे करायची? पत्ते नीट पिसले जातात का, हे कोण तपासणार? फुल टिल्टच्या मागे निदान अमेरिकन सरकार लागलं होतं. आपल्या पोराच्या आठ-दहा हजारांसाठी कोणत्या बेटावर कोण जाणार?

सीमाभागाला हे नवीन नाही

एका राज्यात बंद आणि दुसऱ्या राज्यात चालू, हा अनुभव आपल्याला जुना आहे. १९५० च्या सुमारास शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा मोठा धंदा चालायचा. मुंबई राज्याच्या कायद्याचा आणि कराचा प्रश्न आला, तर साप्ताहिक छापलं जायचं बेंगळुरूला आणि खपायचं मुंबई राज्यात. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होतं. हे चमारबागवाला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला धंदा नव्हे. कौशल्याचा खेळ वेगळा, हा मुद्दाही तिथूनच पुढे चालत आला.

पोकरबद्दल तर न्यायालयांचंही एकमत झालं नाही. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ म्हणून पोकर खेळायला परवाना लागत नाही असं म्हटलं. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकर हा जुगारच ठरवला. तीच ५२ पानं बेंगळुरूच्या क्लबात कौशल्य आणि वडोदऱ्यात जुगार. कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर आणलेली बंदी उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ ला रद्द केली. नवा केंद्रीय कायदा फक्त ऑनलाइन खेळांपुरता आहे, त्यामुळे मांडवीतल्या कॅसिनो बोटी चालूच आहेत. गोव्याने २०२० पासून आपल्या लोकांना तिथे जायला मनाई केली. चोर्ला घाटातून जाणाऱ्या आपल्या लोकांना नाही. कोणाच्या घरातला पैसा आत यावा आणि कोणाच्या घरातला वाचवावा, याचा हिशोब गोवा सरकारने बरोबर केला आहे.

सिस्टीम शिकवणाऱ्याला काय विचाराल?

दोन-तीन हजार रुपयांत 'शिस्तीचा पोकर' शिकवणारे अजून आहेत. शिकायला हरकत नाही. पैसे न लावता पोकर हा डोक्याला चालना देणारा चांगला खेळ आहे, संभाव्यता शिकवायला तर उत्तमच. पण पैसे लावायच्या आधी तीन प्रश्न विचारा.

पहिला, गेल्या दोन वर्षांची पूर्ण वही दाखवता का? जिंकलेल्या बैठकांचे फोटो चालणार नाहीत. सगळे डाव, सगळे तास, बँकेत प्रत्यक्ष आलेली रक्कम आणि आयकर विवरणपत्रातली नोंद हवी. दुसरा, कमाई खेळातून होते की शिकवणीतून? आणि तिसरा, दिलेल्या लिंकवरून मी खेळलो तर माझ्या रेकमधून तुम्हाला कमिशन मिळतं का? हा धंदा जगभर असाच चालतो. नवीन माणूस टेबलावर आणून बसवणाऱ्याला त्याच्या कपातीतला वाटा मिळतो. मग तुम्ही जिंका किंवा हरा, त्याचं चालू राहतं.

घरच्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'जुगारी झालास' म्हणून ओरडलं की मुलगा सिस्टीमचं गणित सांगतो आणि वाद तिथेच संपतो. त्यापेक्षा त्याच्याबरोबर वही घेऊन बसावं. किती भरले, किती काढले, किती तास गेले. खरोखर शिस्तीचा खेळाडू असेल तर वही तयारच असेल. नसेल, तर सिस्टीमही नव्हती हे त्याचं त्यालाच कळेल. कर्जापर्यंत किंवा झोप उडेपर्यंत गोष्ट गेली असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून दोन तासांवर आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

न्यायालयाचा निकाल काय लागायचा तो लागेल. कदाचित पोकरला पुन्हा वाट मिळेल, कदाचित नाही. पण रेक, कर आणि चढउतार यांचं गणित निकालाने बदलणार नाही. वर मांडलेल्या वहीत चांगल्या खेळाडूला तासाला २८ रुपये पडले, तेही दहात तिघांना काहीच न मिळता. रोज चार तास तीच शिस्त दुसऱ्या कुठल्या कामाला लावली तर किती पडतील, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.